मागल्या दारानं आलेलं स्थळ

आमच्या घरात कुणालाही हळू बोलता येत नसे. तो स्वभाव नव्हता, धंद्याचा भाग होता. आई पहाटे बंदरावर मासळीच्या लिलावाला उभी राहायची. तिथे बोटींची इंजिनं, बर्फ फोडणारी माणसं, टेम्पोवाले, घारी आणि कावळे या सगळ्यांच्या वर जिचा आवाज जाईल तिला पापलेट मिळायचं, बाकीच्यांनी बांगडे घेऊन घरी जायचं. बाबांचा सगळा जन्म होडीवर वाऱ्याशी बोलण्यात गेलेला. त्यामुळे जेवताना मीठ मागायचं झालं तरी ते पलीकडच्या होडीतून मागितल्यासारखं मागितलं जाई. ताई माझ्याहून थोडी मोठी. तिनं आईचा आवाज जसाच्या तसा उचलला होता, आणि बारावीनंतर ती आईबरोबर बंदरावर जायला लागली तसा तो आणखी रुंद झाला. खाडीच्या अलीकडे एसटीतून उतरलेल्या पाहुण्याला आमचं घर कधी विचारावं लागलं नाही. माझ्याही गळ्यात तेच आलंय. माझा मुलगा आजही म्हणतो, आई, फोन कशाला करतेस, खिडकी उघड आणि बोल.

ताईचं लग्न जमत नव्हतं ते या आवाजामुळे, असं आईचं ठाम मत होतं आणि ते ती ओरडूनच सांगायची. पहिलं स्थळ चिपळूणकडचं. ती माणसं पुढच्या पडवीत चपला काढत होती, तेवढ्यात आत आईनं बाबांना विचारलं, चहा टाकू की कोकम सरबत करू. बाबांनी उत्तर दिलं. पाहुण्यांनी काढलेल्या चपला परत पायात घातल्या. घरात मारामारी चालू होती, अशा वेळी कसं जायचं, असं त्यांनी नंतर मध्यस्थाला सांगितलं. दुसरं स्थळ निदान बसलं तरी. बाबा खुशीत आले आणि मुलाच्या आजीला आपली होडी कशी आहे ते प्रेमानं सांगायला लागले. आजीबाईंचा हात छातीवर गेला. त्यांना पाणी देऊन, वारा घालून रिक्षात बसवावं लागलं. ती रिक्षा जाईपर्यंत ताई पडवीत उभी होती, मग आत येऊन तिनं नेसलेली साडी घडी न घालताच पलंगावर फेकली. मला तेव्हा तिची फार दया आली होती, पण आमच्या घरात दया दाखवायची म्हणजे सुद्धा ओरडावंच लागे, म्हणून मी गप्प बसले.

अशा घरात आप्पाकाका राहायला आले. आप्पाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांनी लग्न केलं नव्हतं. मुंबईत एका कचेरीत जन्मभर लिफ्टमन होते. लिफ्टमध्ये आपणहून बोलायचं नाही, कुणाकडे टक लावून बघायचं नाही, दाराच्या मध्ये उभं राहायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्याच कचेरीतले एक साहेब रविवारी त्यांना खाडीवर पाखरं बघायला घेऊन जायचे, आणि तिथे गेल्यावर काकांना शोध लागला की पाखरं बघण्याचे नियमही हेच आहेत. मग काय, काका त्यात रमले. निवृत्त होऊन घरी आले ते एक जुनी दुर्बीण, दोन शर्ट आणि हे नियम घेऊन. बोलायचे इतकं हळू की बाबा त्यांना सारखे विचारायचे, “आप्पा, घसा बसलाय काय रे तुझा?”

मोहर धरायच्या सुमारास एका शिंजिराच्या मादीनं आमच्या पुढच्या पडवीत घरटं बांधलं. शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढं पाखरू, वाकडी चोच, फुलातला मध पिणारं. आई तिला शेवटपर्यंत चिमणीच म्हणाली. पुढच्या दारासमोर दिव्याची एक वायर लोंबत होती, बाबा ती कित्येक वर्षं उद्या वर बांधणार होते. त्या वायरीला तिनं आईनं न झाडलेली जळमटं, वाळकी पानं, झाडाची साल आणि आमच्याच फाटक्या जाळ्याचे हिरवे धागे गुंडाळून एक लांबट पिशवी केली. बाजूला एक भोक, भोकावर छोटंसं छप्पर. अंडी घालून ती आत बसली की भोकातून तिची चोच तेवढी दिसायची. घरटं बरोबर बाबांच्या टाळूच्या उंचीवर होतं. काकांनी ते पाहिलं, दोन पावलं मागे आले, आणि त्या दिवसापासून आमचं पुढचं दार बंद झालं.

त्यांचे नियम असे की सगळ्यांनी मागल्या दारानं यायचं-जायचं. पडवीतला दिवा लावायचा नाही. अंगणातून जाताना घरट्याकडे बघायचं नाही, बघितलंच तर माडाकडे बघत असल्यासारखं बघायचं, कारण माणूस जिथे टक लावतो तिथे कावळाही बघतो. फोटो काढायचा नाही. घरात मोठ्यानं बोलायचं नाही, आणि बोलताना तोंडापुढे हात धरायचा, म्हणजे आवाज दारातून बाहेर जाणार नाही. आई उसळली. “आप्पा भावोजी, माजा घर हाय ता! चिमनीला इचारून बोलू काय मी?” तेव्हा काकांनी तिला बसवून एक गोष्ट सांगितली. मुंबईच्या खाडीवर एका झुडपात असंच घरटं होतं. कुणीतरी फोटोत नीट दिसावं म्हणून आडवी येणारी फांदी सुतळीनं बाजूला बांधली. पिल्लांवर ऊन आलं, त्यांची आई लांबूनच फेऱ्या मारत राहिली, आणि काका पुढच्या रविवारी गेले तेव्हा तिथे कावळा बसला होता. “सुतळी मीच धरून दिली होती त्यांना,” काका म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. आई बंदरावर कुणाला जुमानत नसे, पण रडणाऱ्या माणसापुढे तिचं काही चालायचं नाही. ती उठली, पदर तोंडापुढे धरला आणि जन्मात पहिल्यांदा कुजबुजली, “बरा, ऱ्हावदे तिला.”

पुढचे दिवस आमच्या वाडीला अजून आठवत असतील. मागचं दार म्हणजे स्वयंपाकघराचं, बसकं आणि अरुंद. त्यातून बाबा आडवे होऊन आत यायचे. गॅसचा सिलिंडर घराला वळसा घालून, जाळ्यांच्या ढिगाऱ्यावरून, सुकत घातलेल्या बोंबलांखालून यायचा. टीव्ही मुका केलेला, आणि आई-ताई मालिकेतल्या बायकांच्या तोंडाकडे बघून त्या काय म्हणत असतील ते आपापसात ठरवायच्या. आईनं ठरवलेली गोष्ट मूळच्यापेक्षा पुष्कळ भयंकर असायची. मिक्सरला बंदी आली. मग पाटा-वरवंटा बाहेर निघाला, त्यावर ओलं खोबरं, धणे, त्रिफळं आणि लाल मिरची वाटली जायला लागली, आणि बांगड्याच्या कालवणाला अशी चव आली की बाबा कुजबुजत दुसऱ्यांदा भात मागून घ्यायचे. काकांना मासे तळतानाचा चर्र आवाजही नको होता. पण तिथे बाबांनी त्यांना एवढंच विचारलं की आप्पा, मग आता पाखरानं सांगितलं तर आम्ही माशे कच्चे खायचे काय, आणि तो नियम मागे घेण्यात आला. शेजारच्या कुंदामावशीला वाटलं आमच्यात कुणीतरी आजारी आहे. ती सरळ पेज घेऊन आली.

बाबांनी मात्र एक घोटाळा केला. त्यांनी लांबून एक फोटो काढला आणि भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तो कुठून कुठे गेला देव जाणे. एका रविवारी दुधाच्या किटलीएवढी लेन्स लावलेले कॅमेरे घेऊन दोन पाहुणे फाटकात उभे राहिले. वायर जरा खाली ओढून धरता येईल का, असं त्यांनी नम्रपणे विचारलं. काका फाटकात आडवे उभे राहिले आणि लिफ्टमध्ये म्हणायचे तसे म्हणाले, “जागा नाही. पुढच्या वेळेला.” मग त्यांना भाट्याच्या किनाऱ्याचा रस्ता दाखवला, तिथे बगळे, कुरव हवे तेवढे आहेत, त्यांना घर नाही, दार नाही, लांबून मनसोक्त बघा म्हणाले. ते गेल्यावर काकांनी बाबांचा फोन मागून घेतला आणि तांदळाच्या डब्यात ठेवला.

या सगळ्यात केळशीकडच्या स्थळाचा निरोप आला. मुलगा महेश, एका मोठ्या बोटीवर इंजिनाचं काम बघायचा. वडील नव्हते. त्याची आई आणि मामा त्याला घेऊन येणार होते. मध्यस्थानं फोनवर बजावून सांगितलं, माणसं गरीब आहेत, अगदी मवाळ, बाई तर शब्दाला शब्द लावत नाही. आई आधी घाबरली. “मेल्या, स्थळ कोन मागल्या दारानं घेता काय? काय म्हनतील ती?” असं ती बाबांवर कुजबुजत ओरडली. काका हात जोडून म्हणाले की पिल्लं नुकती अंड्यातून निघाली आहेत, आता दार उघडलं तर त्यांची आई बाहेरच राहील. आई बराच वेळ खोबरं खवत बसली, आणि खवता खवताच तिच्या ध्यानात आलं की हे कुजबुजणं म्हणजे देवानं धाडलेली संधी आहे. पाहुणे येतील, घर शांत, माणसं शांत, मुलगी शांत. लग्न लागून गेलं की मग बघू. तिनं त्या दिवशी पडवीकडे तोंड करून शिंजिराला चक्क नमस्कार केला, अर्थात माडाकडे बघून.

ताई मागच्या पायरीवर कोळंबी सोलत होती. महेशचा फोटो तिच्या फोनमध्ये होता, तो ती दिवसातून कितीदा बघते हे मला ठाऊक होतं. मी तिला म्हटलं, यावेळी जमणार बघ. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, “आणि मग तिकडे जाऊन जन्मभर अशी तोंडापुढे हात धरून ऱ्हाऊ काय गो?” तिला तो हवा होता, आणि त्याच्यासाठी तिला स्वतःचा गळा इथेच ठेवून जावं लागणार होतं. तिचे डोळे पाणावलेले मी त्या दिवशी पाहिले, आणि ते कोळंबीमुळे नव्हते.

पाहुणे आले ते रिक्षानं. बाबांनी त्यांना फाटकातच गाठलं, तोंडापुढे हात धरला आणि खुणेनंच घराला वळसा घालायला सांगितलं. पुढे बाबा, मागे महेशची आई नवी साडी सावरत, मग मामा, मग महेश, असे ते जाळ्यांवरून आणि बोंबलांखालून वाकत आले. मामांच्या टोपीला एक बोंबील अडकला तो तसाच आत आला. स्वयंपाकघरातून ओळीनं माजघरात गेल्यावर सगळे बसले. आई कुजबुजली, “परवासात तरास झाला नाय ना?” महेशच्या आईनं आजूबाजूला बघितलं आणि तीही कुजबुजली, “नाय वो.” बाबा कुजबुजले. मामा कुजबुजले. घरात कुणी झोपलंय की कुणी गेलंय, असं त्यांना विचारावंसं वाटत होतं हे तोंडावर दिसत होतं, पण विचारायचं कसं. महेश तेवढा हसऱ्या चेहऱ्यानं बसून होता. रंगानं काळासावळा, खांदे भरलेले, नजर सारखी या तोंडावरून त्या तोंडावर फिरत होती, आणि आमची तर सगळ्यांची तोंडं हाताआड. बाबांनी त्याला काहीतरी विचारलं की तो मान डोलवायचा आणि त्याची आई घाईनं उत्तर द्यायची. पगार तिनं सांगितला, शिक्षण तिनं सांगितलं, आवड तिनं सांगितली. आईनं माझ्या कानात सांगितलं, काय गुणी पोर आहे, आईच्या शब्दाबाहेर नाही.

ताई पोह्यांचं ताट घेऊन आली. खाली बघत, हळूहळू, शिकवल्याप्रमाणे. तेवढ्यात मामांचा फोन थरथरला. माजघरात रेंज धड मिळत नव्हती. मामा उठले, आणि आम्ही काही करायच्या आत त्यांनी सवयीनं पुढच्या दाराची कडी काढली आणि पडवीत गेले. दारातून आम्हाला सगळं दिसत होतं. मामांनी घरटं पाहिलं. फोन कानावरचा काढला, त्याचा दिवा लावला, आणि फोटोत भोक समोर यावं म्हणून घरटं फिरवायला दुसरा हात वर केला. आप्पाकाका ताडकन उठले. पण ओरडायचं नाही हा नियम त्यांचाच. त्यांनी दोन्ही हात जोरजोरात हलवले आणि जेमतेम ऐकू येईल इतकं म्हणाले, “नको... नको...” बाबा आईकडे बघत होते. आईनं पदर तोंडात कोंबला होता, तिचे डोळे बाहेर यायचे बाकी राहिले होते. एक हाक मारली की लेकीचं स्थळ गेलं, हे तिला कळत होतं. मामांची बोटं घरट्याला लागणार, तोच ताईनं ताट खाली ठेवलं.

“ओ मामाऽऽ! हात खाली घ्या पयला!”

आमच्या घराला इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून बरं वाटलं असावं, कारण कपबश्या, खिडक्या आणि देव्हाऱ्यातली घंटा असं सगळं एकदम वाजलं. मामांचा फोन अंगणात पडला आणि मामा त्याच्या मागोमाग पायरीवर बसले. कुंदामावशीचा कोंबडा भलत्या वेळी आरवला. खाडीत जाळं टाकणाऱ्या कुणीतरी हात थांबवून आमच्या दिशेला बघितलं. काकांनी डोळे मिटून घेतले. मग एक एक डोळा उघडून त्यांनी वर पाहिलं. शिंजिराची चोच भोकातून बाहेर आली होती. तिनं खाली बसलेल्या मामांना बघून घेतलं आणि चोच आत घेतली. उडाली नाही, हलली नाही. काका तिच्याकडे आ वासून बघत राहिले. अहो, तिनं घरटं बांधायला घेतलं तेव्हा आमच्या घरात कोण कुजबुजत होतं? आईच्या हाका ऐकत ऐकतच तिनं एकेक धागा आणला होता. तिला आवाजाचं काही नव्हतं. हात नको होता, आणि तो ताईनं खाली आणला होता.

माजघरात मात्र सगळ्यांच्या माना ताईकडे वळल्या होत्या. महेशच्या आईनं ताईकडे बोट केलं. “ह्यो आवाज तुजा?”

“माजाच,” ताई म्हणाली. आता लपवून काय करायचं होतं? “रोज असाच असतो. ह्ये इतके दिवस चाललाय ता पाखरासाठी चाललाय. मना हळू बोलता येत नाय.” एवढं बोलून तिनं खाली ठेवलेलं ताट उचललं, आणि आईनं कपाळाला हात लावला.

तेव्हा महेश हसला. तोंड भरून हसला आणि म्हणाला, आणि तो म्हणाला तेव्हा आमच्या कपबश्या दुसऱ्यांदा वाजल्या, “आत्ता ऐकाय आला!”

“अरे मेल्या, हळू!” त्याची आई म्हणाली, आणि मग तिनंही कपाळाला हात लावला. इंजिनाशेजारी वर्षानुवर्षं काढून पोराचे कान अर्धे गेले होते. लग्न जमेपर्यंत हे बोलायचं नाही असं तिनं त्याला आणि मामांना बजावलं होतं, वाटेत रिक्षात सुद्धा बजावलं होतं. आमच्याकडे आल्यावर तो बिचारा तासभर काहीएक न कळता मान डोलवत होता. आई त्या बाईकडे बघत राहिली. ती बाई आईकडे. कोण आधी हसलं ते मला आठवत नाही, पण बाबांचं हसणं खाडीपलीकडे गेलं. आप्पाकाकांनी तेवढ्यात पुढचं दार लावून घेतलं, कडी घातली आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, तेही पहिल्यांदाच जरा मोठ्यानं, “आवाजाचं ती बघून घेईल. बोला कितीपण. पण हात, दिवे आणि डोळे तेवढे लांब ठेवा.” पिल्लं पंख फुटून उडेपर्यंत आम्ही मागल्या दारानंच जात राहिलो, पण मिक्सर त्याच संध्याकाळी सुरू झाला. पाटा परत अडगळीत गेला याचं मला आजही वाईट वाटतं.

मग मामाच म्हणाले की हल्ली पोरांना एकमेकांशी बोलू देतात, यांनाही दोन शब्द बोलू दे. एकांतात बोलावं म्हणून दोघांना मागच्या माडांखाली पाठवलं. आम्ही सगळे स्वयंपाकघरात सभ्यपणानं गप्प बसलो. सभ्यपणाची काही गरज नव्हती. त्या दोघांचा एकांत सबंध वाडीला ऐकू येत होता.

“मना कमी ऐकाय येता!” महेश ओरडला. “आय बोलली सांगू नको!”

“मना मोठ्यानंच बोलाय येता!” ताई ओरडली. “माजी पन आय तेच बोलली!”

“माज्यासंगती सारखा ओरडाय लागेल! दमशील!”

“बंदरावर रोज ओरडते! दमले काय?”

“धंदा सोडू नको!”

“सोडनार नव्हतेच!”

कुंदामावशी हातातलं धुणं तसंच धरून कुंपणापाशी येऊन उभी राहिली. जाळी विणणाऱ्यांनी सुया थांबवल्या. वाटेनं चाललेला रिक्षावाला इंजिन बंद करून बसला. आई दाराच्या चौकटीला घट्ट धरून उभी होती. मग महेशनं ते विचारलं. हात जरा पुढे घेतले, परत मागे घेतले, आणि वाडीभर विचारलं, “मग? मी पसंत हाय काय तुला?”

ताईनं तोंड उघडलं, आणि आवाज फुटेना. आमच्या ताईला, जिच्या एका हाकेनं बर्फाची गाडी थांबायची, तिला एक अक्षर मोठ्यानं म्हणता आलं नाही. तिचे ओठ हलले तेवढे. बाबा म्हणाले, काय बोलली? आई म्हणाली, काय बोलली गो? कुंदामावशी कुंपणावरून ओरडली, रिक्षावाला ओरडला, पलीकडच्या छपरावरून कुणीतरी ओरडलं, “काय बोलली?” एवढ्या कानांत एकालाही ते ऐकू गेलं नव्हतं. महेश मात्र इंजिनाच्या गोंगाटात माणसांच्या ओठांवरून बोलणं ओळखत आलेला. तो आमच्याकडे वळला, तेव्हा त्याचं तोंड रडू आल्यासारखं झालं होतं.

“हो बोलली!” तो ओरडला.